‘त्या मुलाचं पुढे काय झालं?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत झान द क्लिसाँ या चौदाव्या शतकातल्या फ्रेंच सरदारपत्नीवर पानभर लेख आला आहे. राजाने नवऱ्याचं डोकं उडवलं, मग तिने जमीनजुमला विकून तीन जहाजं घेतली, ती काळी रंगवली, त्यांना लाल शिडं चढवली आणि तेरा वर्षं राजाच्या माणसांची कत्तल केली, असा त्याचा एकूण आशय. सोबत अर्ध्या पानाचं रंगीत चित्र.

माझा नातू सहावीत आहे. मराठी वाचनाची सवय राहावी म्हणून रविवारची पुरवणी तो मला मोठ्याने वाचून दाखवतो. मी तेव्हा भाजी निवडत असते. लेख संपला तसं त्याने पान उलटून पाहिलं, पलीकडे फ्लॅटच्या जाहिराती होत्या. मग मला विचारलं, “आजी, आईने ज्याला वडिलांचं मुंडकं नेऊन दाखवलं, त्या मुलाचं पुढे काय झालं?”

लेखात याचं उत्तर एका ओळीत उरकलं आहे. मुलगा पुढे फ्रान्सचा सेनापती झाला, एवढंच. ओळ खरी आहे. पण त्या ओळीच्या आत ६४ वर्षं आहेत, आणि त्या घराण्याची खरी कथा त्या ६४ वर्षांत आहे. ती वगळून लाल शिडं तेवढी छापली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी कोण, हे आधी सांगते. पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला आपण सगळे पेशवे दफ्तर म्हणतो, तिथे माझी सगळी नोकरी मोडी वाचण्यात गेली. रुमाल सोडायचा, कागद हलक्या हाताने उलगडायचा, आधी मायना बघायचा, मग तारीख, मग शेवटचा मोर्तब, आणि त्यानंतरच मधला मजकूर वाचायचा. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, पाहिलेलं लिहिलं की ऐकलेलं, हे कळल्याशिवाय मजकुरावर विश्वास टाकायचा नाही, ही शिस्त हाडात मुरली आहे. फ्रेंच मी रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात शिकले, चाळिशी उलटल्यावर. पुढे लेकीकडे पॅरिसला दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा ते शिक्षण कामी आलं.

तिथे फ्रान्सचा राष्ट्रीय दफ्तरखाना पाहायचा हा माझा एकच हट्ट होता. लेक म्हणाली, आई, लोक आयफेल टॉवर बघतात. दफ्तराच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याचं नावच दफ्तरांवरून पडलेलं आहे. त्या रस्त्यावर भिंतीत एक जुना दरवाजा आहे. टोकदार कमान आणि वर दोन्ही बाजूंना निमुळत्या टोपीचे दोन छोटे बुरूज. आजूबाजूच्या इमारती पुढच्या काळातल्या, हा दरवाजा तेवढा चौदाव्या शतकातला. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलेल्या माणसाला तो लहानच वाटेल. पण तिथली पाटी वाचली आणि मी जागच्या जागी थांबले. हा ऑलिव्हिए द क्लिसाँच्या वाड्याचा दरवाजा. म्हणजे तोच मुलगा, ज्याच्याबद्दल माझ्या नातवाने विचारलं. १८०८ साली नेपोलियनच्या अमलात राष्ट्रीय दफ्तर त्या जागेत आलं. राजाने ज्याच्या बापाला मारलं, त्याच्या वाड्याच्या जागेवर आज राजांचे कागद जपून ठेवले आहेत. तेव्हापासून या घराण्याचं मिळेल ते मी वाचत आले आहे.

आता लेखाकडे. बापाचं नावही ऑलिव्हिएच. ब्रिटनी हा फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा समुद्रकाठचा मुलूख. १३४१ साली तिथला ड्यूक निपुत्रिक वारला आणि गादीसाठी दोन दावेदार उभे राहिले: एकीकडे शार्ल द ब्ल्वा, त्याच्या मागे फ्रान्सचा राजा, दुसरीकडे जाँ द माँफोर, त्याच्या मागे इंग्लंडचा राजा. थोरला क्लिसाँ फ्रान्सच्या बाजूने लढला. व्हान शहराच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि एका इंग्रज सरदाराच्या बदल्यात सुटला. इतक्या सहज कसा सुटला, हा संशय फ्रान्सच्या राजाला, सहाव्या फिलिपला, आला. पॅरिसला त्याला पकडलं आणि २ ऑगस्ट १३४३ रोजी मारलं. धड पॅरिसच्या वधस्तंभावर टांगलं, मस्तक नाँत शहराच्या वेशीवर लावलं. खुली चौकशी झाली नाही, म्हणून इतर सरदारही हादरले. एवढं सगळं पक्कं आहे.

झानने मुलांना नाँतला नेऊन ते मस्तक दाखवलं, हे परंपरा सांगते. मला ते अशक्य वाटत नाही. तिने राजाविरुद्ध हत्यार उचललं, याला त्या शतकातल्या बखरींचा आधार आहे. राजाने तिला हद्दपार केलं, मालमत्ता जप्त केली, इंग्लंडच्या राजाने तिला उत्पन्न लावून दिलं, याचेही आधार आहेत. पुढे तिने वॉल्टर बेंटली या इंग्रज सरदाराशी लग्न केलं आणि १३५९ साली ती ब्रिटनीतच वारली. जहाजांचा काळा रंग आणि लाल शिडं मात्र तिच्या काळातली नाहीत, ती फार नंतरच्या लोकांनी रंगवली. आपल्या लेखात नेमका तोच भाग सर्वांत ठळक छापला आहे.

पुण्याच्या वाचकाला हे चटकन कळावं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हे खरं. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दफ्तर बघायला आलेला पाहुणा हमखास विचारायचा, “बाई, ते ‘ध’ चा ‘मा’ चं पत्र इथेच आहे का?” माझ्या हाताखालून इतके रुमाल गेले, ते पत्र कधी गेलं नाही. पाहुण्याचा चेहरा उतरायचा. मग मी त्याला पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांची हकिकत सांगायचे. नवरा मारला गेलेल्या गंगाबाईंना बारभाईंनी गडावर कसं सांभाळलं, १८ एप्रिल १७७४ ला मूल कसं जन्मलं, हे ऐकताना लोक ‘मा’ विसरायचे. खऱ्या हकिकतीत ती ताकद असते, हा माझा अनुभव आहे.

तर मुलगा. जन्म १३३६ चा, बाप मारला गेला तेव्हा सात वर्षांचा. वाढला इंग्लंडच्या दरबारी, आणि तिथेच दुसरा एक मुलगा वाढत होता: माँफोर पक्षाचा वारस, याच्याहून तीन वर्षांनी धाकटा जाँ. एकाच्या बापाला फ्रान्सच्या राजाने मारलेलं, दुसऱ्याच्या बापाला त्याच राजाने कैदेत टाकलेलं. २९ सप्टेंबर १३६४ ला ओरे इथे निर्णायक लढाई झाली. शार्ल द ब्ल्वा पडला, जाँ ब्रिटनीचा ड्यूक झाला, आणि त्याच्या बाजूने लढताना क्लिसाँचा एक डोळा गेला.

बक्षीस वाटताना ड्यूकने क्लिसाँच्या मुलखाला लागून असलेली ल गाव्रची जागा एका इंग्रज सरदाराला दिली. इंग्रजांत वाढलेल्या क्लिसाँला इंग्रज शेजारी नको होता. त्याने ती गढी जाळली आणि दगड उचलून आपल्या किल्ल्याला नेले, असं सांगतात. थोड्याच वर्षांत तो फ्रान्सच्या बाजूला गेला. बाप मारणाऱ्या राजाच्या नातवाकडे, पाचव्या शार्लकडे! ऑक्टोबर १३७० मध्ये बेर्त्राँ द्यु गेक्लँ या नामांकित सेनापतीशी त्याने शस्त्रबंधुत्वाचा करार केला. याच द्यु गेक्लँला ओरेच्या रणात क्लिसाँच्या पक्षाने कैद केलं होतं. सहा वर्षांत शत्रूचा भाऊ झाला.

त्याचे गुणच सांगत बसले तर ते खोटं होईल. इंग्रज कैद्यांना तो जिवंत सोडत नसे. लोक त्याला ‘कसाई’ म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. पैशाच्या बाबतीत तर तो पक्का सावकार. राजाला कर्ज, सरदारांना कर्ज, गहाण किल्ले. आपल्याकडच्या पेशवाईतल्या सावकारांच्या वह्या वाचलेल्या बाईला हा माणूस ओळखीचा वाटतो. द्यु गेक्लँ वारल्यावर १३८० साली तो कॉनेताब्ल झाला, म्हणजे राजाच्या खालोखाल सगळ्या फौजेचा मुख्य, आपला सरनौबत म्हणा. १३८२ ला रोझबेकेला फ्लेमिश बंडखोरांचा मोड केला. १३८६ ला इंग्लंडवर स्वारी ठरली तेव्हा त्याने ब्रिटनीत लाकडाचा एक अख्खा कोट तयार करवला. तट, बुरूज सगळं सुटं करून जहाजांवर लादायचं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरून जोडायचं. स्वारी रद्द झाली, त्या कोटाचे काही भाग इंग्रजांनी समुद्रात पकडले. नातवाला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला.

आता लहानपणचा सोबती जाँ. दोघांचं इतकं बिनसलं की १३८७ च्या जूनमध्ये ड्यूकने त्याला व्हानला बोलावलं, नवा किल्ला बांधलाय, तुझ्याएवढा जाणकार दुसरा नाही, जरा बघून सांग म्हणून. दालनामागून दालनं दाखवली. बुरुजाच्या दाराशी ड्यूक म्हणाला, तू पुढे हो. क्लिसाँ आत गेला आणि दार लागलं. रात्री ड्यूकने त्याला बुडवून मारण्याचा हुकूम दिला. ज्याला हुकूम दिला त्याने तो पाळला नाही. सकाळी ड्यूक पस्तावला आणि मारलेला माणूस जिवंत आहे हे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकला. तरी सोडताना एक लाख फ्रँक आणि किल्ले लिहून घेतलेच. क्लिसाँने पुढच्याच जानेवारीत धाकट्या मुलीचं, मार्गरीतचं, लग्न कोणाशी लावलं? ओरेला पडलेल्या शार्ल द ब्ल्वाच्या मुलाशी. तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजांकडे ओलीस असलेल्या त्या मुलाची खंडणी क्लिसाँनेच भरली. म्हणजे ज्या पक्षाला हरवताना डोळा गेला, त्याच पक्षाचा वारस जावई केला. ही सोयरीक लक्षात ठेवावी.

१३९२ च्या जूनमध्ये राजवाड्यातली मेजवानी आटोपून रात्री घरी परतताना पिएर द क्राँ नावाच्या वैऱ्याने पॅरिसच्या रस्त्यात त्याला गाठलं. घाव खाऊन तो घोड्यावरून कोसळला तो एका भट्टीवाल्याच्या अर्धवट उघड्या दारावर. दार आत ढकललं गेलं आणि तो घरात पडला. मारेकरी मेला समजून पळाले. मी त्याच्या वाड्याच्या दरवाज्यापासून त्या बाजूला चालत गेले होते, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पहाटेच्या पावासाठी जागा राहिलेला एक माणूस नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. राजा सहावा शार्ल सूड घ्यायला फौजेनिशी निघाला आणि ऑगस्टच्या उन्हात ल माँजवळच्या रानात त्याला वेडाचा पहिला झटका आला. स्वतःच्याच माणसांवर त्याने तलवार चालवली. कारभार राजाच्या काकांच्या हातात गेला, त्यांनी क्लिसाँला दंड ठोठावून पदावरून काढलं. तो ब्रिटनीतल्या आपल्या जोसलँच्या किल्ल्यात परतला.

आणि इथून पुढे संपादक महाराज, मला जे सांगायचं आहे ते सुरू होतं.

क्लिसाँ आणि ड्यूक यांच्यात पुन्हा लढाई जुंपली. दोघेही थकले. १३९५ साली ड्यूकने भेटीला बोलावलं. व्हानच्या बुरुजातून एकदा वाचलेला माणूस पुन्हा कसा जाईल? तेव्हा ड्यूकने आपला लहानगा मुलगा, गादीचा वारस, ओलीस म्हणून जोसलँला पाठवून दिला. मूल पाच-सहा वर्षांचं. क्लिसाँने काय केलं? त्या मुलाला किल्ल्यात ठेवून घेतलंच नाही. आपल्याबरोबर घेऊन व्हानला गेला आणि बापाच्या हवाली केलं. मग तह झाला. त्या काळचा फ्रेंच बखरकार ही हकिकत मोठ्या प्रेमाने सांगतो.

१ नोव्हेंबर १३९९ ला ड्यूक वारला. मागे राहिली लहान मुलं, थोरलं दहाव्या वर्षात. ब्रेटन बखरी सांगतात की बातमी कळताच मार्गरीत बापाच्या खोलीत आली. बाप अंथरुणात होता. ती म्हणाली, आता वेळ आली आहे, माझ्या नवऱ्याची गादी परत मिळवायची तुमच्या हातात आहे. तिने सुचवलं ते असं की, मुलांना संपवा. त्रेसष्ट वर्षांचा एकाक्ष म्हातारा, ज्याला जग कसाई म्हणत होतं, त्याने उशाशी असलेला भाला उचलला आणि तिच्यावर धावला. तू आपल्या पोरांचा मान आणि घरदार सगळं धुळीला मिळवशील, असं ओरडत. ती पळाली, जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि जन्मभर लंगडत राहिली.

ही बखरीतली हकिकत आहे, सहीशिक्क्याचा कागद नव्हे, हे मी जाणते. जी कसोटी लाल शिडांना लावली ती हिलाही लावायला हवी. जिन्याचा तपशील कोणी मागून रचला असेल. पण आगेमागे जे पक्कं आहे ते या हकिकतीशी जुळतं. मुलं जगली. १४०२ साली रेन शहरात त्यातला थोरला, पाचवा जाँ, ड्यूक म्हणून गादीवर आला तेव्हा त्याला सरदारकीची दीक्षा देणारा हात ऑलिव्हिए द क्लिसाँचा होता.

माझ्या नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो पण सात वर्षांचा होता ना.” मी ही सांगड त्याला घालून दिलेली नव्हती.

क्लिसाँ १४०७ च्या एप्रिलमध्ये जोसलँला वारला. त्याची आणि दुसऱ्या बायकोची, मार्गरीत द रोआँची, समाधी तिथल्याच चर्चमध्ये आहे. लेक मार्गरीत मात्र थांबली नाही. फेब्रुवारी १४२० मध्ये तिच्या मुलांनी त्याच पाचव्या जाँला, आता तिशीत आलेल्या ड्यूकला, मैत्रीच्या नावाखाली बोलावून पकडलं आणि या किल्ल्यातून त्या किल्ल्यात फिरवत ठेवलं. ड्यूकची बायको, फ्रान्सची राजकन्या झान, गप्प बसली नाही. तिने सरदार जमवून किल्ल्यांना वेढे घातले. जुलैत मार्गरीतने हात टेकले. शाँतोसोचा किल्ला जमीनदोस्त झाला, तिच्या सासरची जहागीर जप्त झाली. बापाने ओरडून सांगितलेलं अक्षरशः घडलं. थोरली मुलगी बेआत्रिस रोआँ घराण्यात दिली होती. तिच्या वंशाकडे जोसलँ गेलं, आणि आजही तो किल्ला रोआँ कुटुंबाचाच आहे. क्लिसाँच्या नऊ बुरुजांपैकी नदीकडचे तीन अजून उभे आहेत.

आपल्या लेखात झानला ‘सूडाची देवी’ म्हटलं आहे. तिचं दुःख खरं होतं, तिचं धैर्यही. पण त्या घरात सूड तीन पिढ्या हातातून हातात फिरला, आणि मधल्या एका माणसाने, ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त कारण होतं, दोनदा तो मुलांच्या अंगाला लागू दिला नाही. हे मुलंही वाचतात त्या पुरवणीतून वगळायचं आणि कापाकापी छापायची, हे मला पटत नाही. नातवाच्या वर्गातल्या चार मुलांनी ते चित्र कापून वहीत चिकटवलं आहे. त्यांना हेही वाचायला मिळालं पाहिजे.

येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी अशी विनंती करते. मजकूर मी लिहून देते, जागा फार लागणार नाही:

‘झान द क्लिसाँच्या जहाजांचा काळा रंग आणि लाल शिडं यांना तिच्या काळातला आधार नाही. तिचा मुलगा ऑलिव्हिए याने १३९५ साली ओलीस म्हणून आलेला शत्रूचा मुलगा परत नेऊन दिला, आणि १४०२ साली त्याच मुलाला सरदारकीची दीक्षा दिली.’

नावांचे उच्चार तपासायचे असतील तर कोणाला पाठवावं. सकाळी अकरानंतर मी घरीच असते.

आपली नम्र,
एक निवृत्त मोडीवाचक,
नारायण पेठ, पुणे